पियानो येतो, पण वाचता येत नाही

समजा, एका मुलाला रामरक्षा तोंडपाठ आहे. मनाचे श्लोक पाठ आहेत. गॅदरिंगमध्ये ते एक लांबलचक स्वगत न अडखळता म्हणतं. पण समोर आजचं वर्तमानपत्र ठेवलं, तर त्याला पहिली ओळही वाचता येत नाही. अशा मुलाच्या स्मरणशक्तीचं आपण कौतुक करू, पण त्याला साक्षर म्हणणार नाही. आणि ते मूल दहावीत असेल, तर शाळेत जाऊन जाब विचारू.

पियानोच्या बाबतीत मात्र असं मूल आपल्याला चालतं. नुसतं चालत नाही, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम होऊन हॉलमध्ये लागतं. पाचवी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये पास झालेल्या मुलासमोर दुसऱ्या ग्रेडचं, त्याने आधी कधी न पाहिलेलं एक पान ठेवा आणि म्हणा, 'वाजव.' पुढे बहुतेक वेळा काय होतं, ते पियानो शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. मूल पानाकडे बघतं, मग हातांकडे, पुन्हा पानाकडे. खालून ओळी मोजतं. एक स्वर सापडतो. थांबतं. दुसरा सापडतो. डावा हात तोवर मांडीवरच असतो. दोन मिनिटांनी ते विचारतं, 'हे यूट्यूबवर आहे का?'

यात मुलाचा काही दोष नाही. आपण त्याला वाचायला शिकवलेलंच नाही. पाच वर्षं फी भरून पंधरा पीस पाठ करून घेतले आणि त्यालाच शिक्षण म्हटलं. साइट रीडिंग हा पियानोच्या शिक्षणातला कोपऱ्यातला, परीक्षेच्या आदल्या महिन्यात उरकायचा विषय आहे, या समजुतीने आपल्याकडे पिढ्याच्या पिढ्या निरक्षर पियानोवादक तयार होत आहेत. त्याविरुद्ध हे लिहितो आहे.

अर्धा मिनिट आणि एकवीस मार्क

साइट रीडिंग म्हणजे आधी न पाहिलेलं, न वाजवलेलं संगीत कागदावर वाचत वाचत तिथल्या तिथे, लय न मोडता वाजवणं. यातलं 'लय न मोडता' हे सगळ्यांत महत्त्वाचं. एकेक स्वर शोधत, थांबत थांबत पान सोडवणं हीसुद्धा कामाची गोष्ट आहे. पण ते कोडं सोडवणं झालं. वाचन म्हणजे मजकूर डोळ्यांसमोरून पुढे सरकतो आणि त्याचा अर्थ त्याच वेगाने लागत जातो.

आपल्याकडे मुंबई, पुणे, गोव्यात 'ग्रेड' म्हटलं की बहुधा दोन ब्रिटिश बोर्डांपैकी एक असतं, एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी. एबीआरएसएम १८८९ साली सुरू झालं. त्याच्या प्रॅक्टिकल परीक्षेचा हिशोब बघा. एकूण मार्क १५०. तीन पीस, प्रत्येकी ३०. स्केलना २१. साइट रीडिंगला २१. कानाच्या परीक्षेला १८. पास व्हायला १०० लागतात, मेरिटला १२०, डिस्टिंक्शनला १३०. साइट रीडिंगसाठी परीक्षक एक छोटा तुकडा समोर ठेवतात, तो बघायला आणि चाचपायला अर्धा मिनिट देतात, मग वाजवायचं.

आता वजाबाकी करा. साइट रीडिंगमध्ये शून्य पडलं, तरी १२९ मार्क शिल्लक राहतात. म्हणजे वाचता अजिबात न येणारं मूल पास तर होऊ शकतंच, कागदावर त्याला मेरिटही मिळू शकतं. ट्रिनिटीमध्ये पाचव्या ग्रेडपर्यंत चार छोट्या चाचण्यांमधून दोन निवडायच्या असतात. साइट रीडिंग त्या चारांतली एक. नको असेल तर सोडा. आणि एबीआरएसएमने २०२० मध्ये आणलेल्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार पीस वाजवून त्याचा व्हिडिओ पाठवायचा असतो. तिथे साइट रीडिंग नाहीच.

एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडच्या आधी सहसा थिअरीची पाचवी ग्रेड पास व्हावी लागते, हे खरं. पण थिअरीच्या पेपरात लिपीबद्दलची माहिती तपासतात. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला कादंबरी वाचता येतेच असं नाही.

बोर्डांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण बोर्ड मुलांना शिकवत नाही, फक्त मोजतं. ज्याला कमी मार्क, ते शिकवायचंच नाही, हा शोध आपला आहे. क्लासेसचा आहे, पालकांचा आहे आणि 'यंदा कितवी?' एवढंच विचारणाऱ्या सगळ्या नातेवाइकांचा आहे.

वर्षाला तीन पीस

हे कसं घडतं ते बघू. जुलैमध्ये नवं पुस्तक येतं. त्यातून तीन पीस निवडले जातात. शिक्षक पेन्सिलने स्वरांच्या डोक्यावर 'सी, ई, जी' अशी अक्षरं लिहून देतात, कारण आठवड्यात एकच अर्धा-पाऊण तास असतो आणि मुलाने घरी वाजवलं तर पाहिजे. मूल घरी जाऊन अक्षरं वाचतं. मग यूट्यूबवर तोच पीस ऐकतं, पाहतं, बोटांची नक्कल करतं. ऑक्टोबरपर्यंत पीस बोटांत बसतो. पुस्तक स्टँडवर उघडं असतं, पण आता तिकडे कुणी बघत नाही. देवापुढच्या पोथीसारखं ते नुसतं मांडलेलं असतं. परीक्षा होते, निकाल येतो, क्लासच्या ग्रुपवर फोटो पडतो. आणि पुन्हा नवीन पुस्तक, नवीन तीन पीस.

डोक्यावरची ती अक्षरं दिसायला निरुपद्रवी असतात. पण डोळा नेहमी सोपा रस्ता धरतो. अक्षर दिसलं की तो पाच ओळींकडे बघतच नाही. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला प्रत्येक वाक्याच्या वर त्याच्या लिपीत उच्चार लिहून दिले, तर दहा वर्षांनीही त्याला देवनागरी येणार नाही. हे तसंच आहे.

आठ ग्रेड, प्रत्येकी तीन पीस. म्हणजे सगळ्या ग्रेड पूर्ण केलेल्या मुलाने परीक्षेसाठी एकूण २४ पीस तयार केलेले असतात. शाळेच्या सगळ्या वर्षांत फक्त २४ धडे वाचलेल्या माणसाच्या वाचनाबद्दल आपण काय म्हणू? उलट रोज एक साधं, छोटं पान वाचणारं मूल वर्षाला तीनशेच्या वर पानं नजरेखालून घालतं. पाच वर्षांनी या दोघांच्या हातांत कदाचित सारखंच बळ असेल. पण एकाच्या डोक्यात संगीत असेल आणि दुसऱ्याच्या डोक्यात तीन पीस.

खरा प्रश्न क्लास सुटल्यावर येतो. दहावी येते, बारावी येते, फी परवडेनाशी होते, शिक्षक गाव बदलतात. कीबोर्ड कपाटावर चढतो. पाठ केलेलं सहा महिन्यांत बोटांतून जायला लागतं आणि नवं काही स्वतःहून उचलता येत नाही, कारण प्रत्येक नव्या पानासाठी कुणीतरी शेजारी बसावं लागतं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना तो 'कुणीतरी' कायम भाड्याने मिळतो. ज्यांच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून दोन वर्षं फी भरली, त्यांच्या हातात दोन वर्षांनी काय उरलं? वाचायला शिकले असते तर अख्खं ग्रंथालय उरलं असतं. पाठ करायला शिकले म्हणून 'फ्युर एलिझ'चं पहिलं पान उरलं.

म्हणून मला हा मार्कांपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न वाटतो. शिक्षकावाचून अडणार नाही इतकं शिकवणं हे शिक्षणाचं पहिलं काम. साइट रीडिंग न शिकवणारा क्लास आपलं गिऱ्हाईक कायमचं बांधून ठेवतो, मग त्याच्या मनात तसं असो वा नसो.

'ती देणगी असते'

वाचन शिकवण्यातून सुटण्याचा सगळ्यांत लाडका मार्ग म्हणजे ते चमत्कारांच्या खात्यात टाकणं. लिस्टची गोष्ट सगळे सांगतात. १८७० मध्ये रोममध्ये ग्रीग आपल्या पियानो कॉन्चेर्टोचं हस्तलिखित घेऊन त्याच्याकडे गेला आणि लिस्टने ते तिथल्या तिथे वाजवून दाखवलं. गोष्ट खरी आहे. पण ती ऐकून आपण जो निष्कर्ष काढतो तो चुकीचा आहे. सचिन तेंडुलकर आहे म्हणून गल्लीतल्या पोरांनी बॅट धरायची नाही, असं कुणी म्हणत नाही.

चांगला वाचणारा नेमकं काय करतो, याचा अभ्यास झालेला आहे. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वादक वाचत असताना मध्येच पान दिसेनासं करायचं आणि तो पुढे किती स्वर बरोबर वाजवतो ते मोजायचं. चांगले वाचणारे पान गेल्यावरही सातेक स्वरांपर्यंत वाजवत राहिले, कच्चे वाचणारे तीन-चारांवर अडले. म्हणजे चांगल्या वाचकाचे डोळे हातांच्या पुढे चालतात. आपण मोठ्याने वाचतानाही हेच करतो. तोंडात एक शब्द असतो, नजर पुढच्या शब्दांवर.

आणि तो एकेक स्वर वाचत नाही. 'महाराष्ट्र' हा शब्द तुम्ही आत्ता 'म', मग 'ह'ला काना, असा वाचला नाहीत. त्याचा आकार ओळखलात. पाच ओळींवर लागोपाठच्या तीन ओळींवर तीन टिंबं एकावर एक बसली की तो एक कॉर्ड असतो. सरावलेला डोळा त्याला एका नजरेत ओळखतो, त्यातले तीन स्वर सुटे करत बसत नाही. स्केलचा तुकडा म्हणजे जिना. तो चढतोय की उतरतोय आणि कुठे संपतोय एवढं कळलं की पुरतं.

थॉमस वुल्फने १९७६ मध्ये नोंदवलेली एक गंमत यावर प्रकाश टाकते. बोरिस गोल्डोव्स्की या पियानोवादक आणि ऑपेरा दिग्दर्शकाकडे वाचनात कच्ची असलेली एक विद्यार्थिनी ब्राम्सच्या ओपस ७६ मधलं दुसरं कॅप्रिचिओ घेऊन आली. एका ठिकाणी ती चुकीचा स्वर वाजवत होती. त्यांनी टोकलं, तर तिने पान दाखवलं. छापलेलंच तसं होतं. छपाईची चूक! गोल्डोव्स्कींनी मग तरबेज वाचणाऱ्यांना सांगितलं, या पीसमध्ये एक चूक आहे, हवं तितक्या वेळा वाजवा आणि शोधा. कुणालाही सापडली नाही. सगळे जण ती जागा नकळत दुरुस्त करूनच वाजवत होते.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापते, हे मान्य आहे. झरझर वाचणारा तपशिलावरून घसरू शकतो. नुसत्या वाचनावर भागवणारा, एकही पीस खोलात न घासणारा वादक हीसुद्धा एक बिघडलेली जात आहे. पण त्या वाचकांनी चूक दुरुस्त का केली? कारण तिथे ब्राम्सने कोणता स्वर लिहिला असेल हे त्यांना आतून माहीत होतं. वाचनाला लागते ती ही संगीताची समज, आणि ती भरपूर वाचूनच येते.

उपजत क्षमतेचा काहीच वाटा नाही, असंही नाही. माइन्झ आणि हॅम्ब्रिक यांनी २०१० मध्ये ५७ पियानोवादकांवर अभ्यास केला. साइट रीडिंगमधला सुमारे ४५ टक्के फरक सरावाने समजावता आला. कार्यस्मृती, म्हणजे डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरता येतात याची ताकद, त्यात सुमारे ७ टक्क्यांची भर घालत होती. ७ टक्के खरे आहेत. पण आपल्या क्लासेसमध्ये ते ४५ टक्के वाया घालवून वर ७ टक्क्यांच्या नावाने गळा काढला जातो.

पियानो वाचायला अवघड आहे हेही खरं. व्हायोलिनवाल्यासमोर स्वरांची एक ओळ असते. पियानोवाल्यासमोर दोन, दोन वेगवेगळ्या क्लेफमध्ये, आणि दोन्हींत एका वेळी अनेक स्वर. शिवाय व्हायोलिन शिकणारं मूल लवकर कुठल्यातरी ऑर्केस्ट्रात जाऊन बसतं. तिथे दर आठवड्याला नवं पान येतं आणि सगळे पुढे चालले की थांबता येत नाही. पियानोचं मूल एकटं असतं. चुकलं की थांबतं, मागे जातं, सुधारतं आणि थांबण्याचीच सवय पक्की करतं.

'आपली परंपरा मौखिक आहे'

दुसरी पळवाट जास्त रुबाबदार आहे. 'आपल्याकडे संगीत गुरुमुखातून येतं. कागदाची गुलामी ही त्यांची संस्कृती.'

ऐकायला बरं वाटतं. पण भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिका काढली, पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी बनवली, ती माणसं काय पाश्चात्त्यांची गुलाम होती? घराण्यांच्या मुठीत बंद असलेल्या बंदिशी चार लोकांपर्यंत पोहोचाव्यात, म्हणून भातखंड्यांनी त्या लिहून छापल्या. लिपी आली की मक्तेदारी ढिली होते, हे त्यांना ठाऊक होतं.

फरक आहे तो वेगळाच. भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदिश हा सांगाडा आहे. राग त्यावर गायकाने उभा करायचा असतो, आणि तो गुरूशिवाय येत नाही. बाखचा फ्यूग मात्र पूर्ण लिहिलेला आहे, प्रत्येक आवाज, प्रत्येक स्वर. तो कागदावरच राहतो. तिथे 'आम्ही मौखिक' म्हणणं म्हणजे कादंबरी हातात घेऊन 'आमच्याकडे कीर्तनाची परंपरा आहे' असं सांगणं.

आणि मौखिक परंपरेचा एवढा अभिमान आहे, तर ती तरी पाळा. पॉल मॅकार्टनीला स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. एरल गार्नर या जॅझ पियानोवादकालाही येत नसे. पण त्यांचा कान असा की ऐकलेलं वाजवता येतं, बदलता येतं, दुसऱ्या पट्टीत नेता येतं, त्यातून नवं रचता येतं. तीसुद्धा एक पक्की साक्षरता आहे, कानाची. आपल्या ग्रेडवाल्या मुलाला 'हॅपी बर्थडे' दुसऱ्या पट्टीत वाजवायला सांगून बघा. त्याला ना डोळ्यांनी वाचता येतं, ना कानांनी. त्याला मौखिक परंपरेचा वारस म्हणणं हा त्या परंपरेचाच अपमान आहे.

शिवाय 'आपल्याकडे' म्हणताना आपण कुणाला वगळतो? गोव्यातल्या पॅरिश शाळांमध्ये पोर्तुगीज काळापासून खेड्यांतली मुलं आधी सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गायला, शिकत आणि मग व्हायोलिन हातात धरत. चर्चमध्ये गाणं-वाजवणं व्हावं म्हणून ही सोय होती. त्या शाळांतून शिकलेली माणसं मुंबईला आली. हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली, मग फिल्म स्टुडिओत. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर ती ऑर्केस्ट्रासाठी स्टाफ नोटेशनमध्ये लिहायचे, वादक स्टुडिओत येऊन समोरचा कागद बघायचे आणि वाजवायचे. आपण ज्याला हिंदी सिनेमाचा सुवर्णकाळ म्हणतो, तो या माणसांच्या साइट रीडिंगवर उभा आहे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात आपल्या या गुरूचं नाव त्यांनी घातलं. ते गाणं आपण लग्नात नाचून म्हणतो. गोन्साल्विसांकडे असलेलं कौशल्य मात्र आपल्याला परकं वाटतं.

'यूट्यूब आहे की'

तिसरी पळवाट तुमच्या हातात आहे, शब्दशः. वरून रंगीत पट्ट्या पडतात, ज्या पट्टीवर पडतील ती दाबायची. हिरवा उजवा हात, निळा डावा. एका संध्याकाळी आवडीच्या गाण्याचा कोरस वाजायला लागतो. सुरुवात म्हणून यात वाईट काही नाही. या व्हिडिओंमुळे कितीतरी जण पियानोकडे वळले, आणि त्यांना हसणाऱ्या जुन्या शिक्षकांच्या पंक्तीत मला बसायचं नाही.

पण पडत्या पट्ट्या काय सांगतात ते नीट बघा. कुठली कळ, कधी आणि किती वेळ. बस. गाणं कुठल्या पट्टीत आहे, वाक्य कुठे संपतं, कुठला आवाज मुख्य आणि कुठला सोबतीचा, हा कॉर्ड आधीच्या कॉर्डचा कोण लागतो, यातलं काही त्यात दिसत नाही. पट्टी पडून गेली की नाहीशी होते. मागे वळून बघता येत नाही, पुढचं पान चाळता येत नाही. आणि कुणीतरी तो व्हिडिओ बनवून टाकला असेल, तरच तुम्हाला तो पीस मिळणार.

याच फोनवर दुसरीही एक गोष्ट आहे. आयएमएसएलपी नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २००६ मध्ये सुरू झालं. कॉपीराइट संपलेल्या संगीताची लाखो पानं तिथे फुकट मिळतात. बाख, हायडन, शुमान, क्लारा शुमान, दबुसी, आणि ज्यांची नावं कुठल्याही ग्रेडच्या पुस्तकात येत नाहीत असे हजारो. एवढा खजिना खिशात, आणि त्यातली एक ओळ वाचता येत नाही. याचं वाईट वाटायला पाहिजे.

ग्रामोफोन येण्याआधी युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांत बेथोवनच्या सिंफनी कशा पोहोचल्या? त्यांची दोन जणांनी एका पियानोवर वाजवायची रूपांतरं छापून विकली जात. बहिणी-बहिणी, मित्र-मित्र शेजारी बसून ती वाचत. चुकत, हसत, पुढे जात. ऑर्केस्ट्रा वर्षातून एकदा ऐकायला मिळे न मिळे, पण सिंफनी घरात असायची. साइट रीडिंग हे तेव्हा ऐकण्याचं साधन होतं, आणि सोबतीचंही. आजही तेच आहे. मैत्रीण व्हायोलिन घेऊन आली, चर्चमध्ये क्वायरला साथ करायला कुणी नाही, कॉलेजच्या नाटकात एक गाणं आयत्या वेळी बदललं. तिथे 'मला तीन महिने द्या' म्हणणारा पियानोवादक कुणाच्या कामाचा नाही.

मग करायचं काय

शिकणाऱ्यांनो, रोज दहा मिनिटं. त्याहून जास्त नको. तुमच्या ग्रेडपेक्षा दोन ग्रेड खालचं काहीतरी घ्या. ही पायरी अहंकाराला टोचते, म्हणून बहुतेक जण ती चुकवतात आणि मग 'मला जमत नाही' म्हणतात. बार्टोकच्या 'मिक्रोकोसमोस'मध्ये सहा खंडांत १५३ छोटे पीस आहेत, अगदी पहिल्या पायरीपासून चढत जाणारे. गोव्यात किंवा वसईत असाल तर चर्चचं चार आवाजांत लिहिलेलं हिम्नल मागा. कॉर्ड वाचायला त्याहून चांगलं पुस्तक नाही.

वाजवण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघा. पट्टी कुठली, ताल कुठला, सगळ्यांत अवघड जागा कुठली. लय टाळीने वाजवून घ्या. मग इतक्या हळू सुरू करा की लाज वाटेल, आणि शेवटपर्यंत थांबू नका. स्वर चुकला, सोडून द्या. डावा हात निसटला, पुढच्या बारला पकडा. थांबून दुरुस्त करायची तुमची खोड हीच इथे मोडायची आहे. हातांकडे बघू नका. काळ्या पट्ट्यांच्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या जोड्या बोटांना चाचपून कळतात, त्या त्यासाठीच आहेत. एक पान दोनदा वाजवलं की संपलं. तिसऱ्यांदा वाजवायला लागलात की पाठांतर सुरू होतं. शक्य असेल तर कुणालातरी शेजारी बसवा आणि चार हातांचं वाचा. दुसरा माणूस थांबत नाही, म्हणून तुम्हीही थांबत नाही.

शिक्षकांनो, पेन्सिल खाली ठेवा. स्वरांवर अक्षरं लिहिणं बंद करा. दर तासाची पहिली पाच मिनिटं नव्या पानाला द्या. पालकांनी तक्रार केली की पीस मागे पडतायत, तर त्यांना रामरक्षा आणि वर्तमानपत्राची गोष्ट सांगा. पालकांनो, 'यंदा कितवी?' ऐवजी 'आज नवीन काय वाचलंस?' असं विचारा. आणि क्लास निवडताना एकच विचारा: तुमच्याकडे दोन वर्षं शिकलेलं मूल एखादं सोपं पान स्वतःहून वाजवू शकेल का? उत्तरात सर्टिफिकेटांचे फोटो दाखवले, तर दुसरा क्लास बघा.

दृष्टिहीन वादकांचं काय, असंही कुणी विचारेल. त्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ब्रेल लिपीत संगीत लिहिता येतं. लुई ब्रेल स्वतः ऑर्गनवादक होता. बोटांनी वाचायचं असल्याने दोन्ही हातांनी वाजवत वाचणं तिथे शक्य नाही. तुकडा वाचायचा, लक्षात ठेवायचा, मग वाजवायचा. अर्थाने ते साइट रीडिंग नव्हे. पण तो वादक कुणी शेजारी बसून दाखवण्याची वाट बघत नाही. नवी रचना स्वतः वाचतो आणि स्वतः बसवतो. मला हवी आहे ती हीच मोकळीक. ती डोळ्यांनी मिळो की बोटांनी.

तेव्हा आज रात्री एक करा. एखादं सोपं, कधी न ऐकलेलं पान डाउनलोड करा. त्याचा व्हिडिओ शोधू नका. समोर ठेवा, हळू लय धरा आणि पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत, जसं येईल तसं, न थांबता वाजवा. फार वाईट वाजेल. पण ते तुम्ही स्वतः वाचलेलं असेल. उद्या दुसरं पान घ्या.